काचेआडची ओल : मोटारीच्या पुढच्या दिव्यांतील बाष्पाचा प्रश्न

मोटारीच्या पुढच्या दिव्याच्या काचेवर आतल्या बाजूने धुके धरले, की गॅरेजच्या बोलीत ‘काचेला घाम आला’ म्हणतात, आणि थेंब ओघळून तळाशी साचू लागले, की ‘लाइटमध्ये पाणी गेले’ म्हणतात. बोलीने या दोन अवस्थांना दोन नावे दिली असली, तरी उपचार करताना त्यांची सर्रास गल्लत होते. कुणी दिव्याच्या कडेने सिलिकॉन भरायला सांगतो, कुणी तळाला भोक पाडायला सांगतो, कुणी सिलिका जेलची पुडी आत सोडायला सांगतो, आणि वर्कशॉपमधून बहुधा अख्खा दिवा बदलण्याचा खर्च हाती पडतो. यांतला एक उपाय दिवा अधिक घट्ट बंद करू पाहतो, तर दुसरा तो अधिक उघडा करू पाहतो. या गोंधळाच्या मुळाशी एक साधा गैरसमज आहे, तो म्हणजे मोटारीचा दिवा बाटलीसारखा बूच मारून बंद केलेला असतो हा. आजचा दिवा हे प्रत्यक्षात श्वास घेणारे भांडे आहे, त्यात बाष्प येणार हे गृहीत धरूनच ते घडवलेले असते, आणि म्हणून ओल आत कशी आली याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, आलेली ओल परत बाहेर का गेली नाही हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत आढाव्यात प्रचलित समजुती आणि उपाय याच प्रश्नाच्या कसोटीवर तपासले आहेत.

दिव्याची रचना बदलत गेली, तसे ओलीचे स्वरूपही बदलत गेले. अमेरिकेत १९४० पासून ‘सील्ड बीम’ पद्धतीचे दिवे रूढ झाले. त्यांत पुढची काच, प्रकाश पुढे फेकणारा चकचकीत वाडगा, म्हणजे रिफ्लेक्टर, आणि प्रकाश देणारी तार हे सारे एकाच काचेच्या फुग्यासारखे जोडून आत निष्क्रिय वायू भरलेला असे. असा दिवा तडकेपर्यंत ओलीला वावच नव्हता, आणि तडकला की तो सगळाच फेकून द्यावा लागे. युरोपने मात्र बल्ब वेगळा काढता येईल अशी रचना कायम ठेवली. हॅलोजन बल्बचा एच-१ हा प्रकार १९६२ मध्ये आणि भारतीय रस्त्यांवर आजही सर्वत्र दिसणारा, एकाच बल्बमध्ये लांबचा आणि जवळचा असे दोन्ही झोत देणारा एच-४ हा प्रकार १९७१ मध्ये आला. अमेरिकेने बदलत्या बल्बच्या दिव्यांना १९८३ मध्ये मुभा दिली. भारतात अँबॅसडर आणि पद्मिनी यांच्या सात इंची गोल दिव्यांना खरी काच आणि मागे रबरी टोपी असे. त्यांत ओल शिरली, की पत्र्याचा रिफ्लेक्टर गंजून काळा पडे आणि तोच बदलून घेण्याची रीत होती. पुढे काचेच्या जागी पॉलिकार्बोनेट हे पारदर्शक प्लास्टिक आले, वजन घटले आणि दिव्याला गाडीच्या अंगाप्रमाणे हवा तो आकार देता येऊ लागला. परंतु याचबरोबर दिव्याची पोकळी मोठी झाली, काच आणि मागचे घर यांना जोडणारा सांधा लांब व वळणावळणाचा झाला, आणि दिव्यात बाष्पाला साचायला कोपरे मिळाले. लोकव्यवहारात हे प्लास्टिक अजूनही ‘काच’च आहे, आणि येथेही तोच शब्द वापरला आहे.

हवेत किती बाष्प सामावू शकते, हे तिच्या तापमानावर ठरते. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात राहू शकते. २२ अंशांना ही मर्यादा १९ ग्रॅमच्या आसपास उतरते, तर ५० अंशांना ती ८३ ग्रॅमपर्यंत चढते. हवा गार होत होत ज्या तापमानाला तिच्यातले बाष्प या मर्यादेला टेकते, आणि त्याखाली गेल्यास पाणी सुटू लागते, त्याला दवबिंदू म्हणतात. कोकणात जुलैच्या एखाद्या संध्याकाळी तापमान ३० अंश आणि सापेक्ष आर्द्रता, म्हणजे मर्यादेच्या मानाने हवेत प्रत्यक्ष असलेल्या बाष्पाचे प्रमाण, ८५ टक्के असेल, तर दवबिंदू २७ अंशांच्या जवळ येतो. दिव्याची काच अवघी तीन-चार अंशांनी गार झाली, तरी तिच्यावर धुके धरायला तेवढे पुरते. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून जसे थेंब धरतात, तसेच हे. फरक इतकाच, की येथे दमट बाजू आतली असते आणि पावसाने गार झालेली बाजू बाहेरची.

हे पाणी मोजले, तर निदानाचा अर्धा प्रश्न सुटतो. दिव्याची पोकळी दहा लिटरची धरली, तर वरच्या उदाहरणातल्या हवेत एकूण सुमारे पाव ग्रॅम बाष्प असते, आणि ती हवा २२ अंशांपर्यंत गार झाल्यावर त्यातून सुटणारे पाणी जेमतेम ०.०६ ते ०.०७ ग्रॅम भरते. औषधाच्या ड्रॉपरमधून पडणारा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा असतो, हे लक्षात घेतले, तर सगळी काच झाकोळून टाकणारे ते धुके म्हणजे एक-दीड थेंब पाणी असते. सूक्ष्म थेंबांच्या रूपात पसरल्यामुळे आणि प्रत्येक थेंब प्रकाश वाटेल तिकडे विखुरत असल्यामुळे ते डोळ्यांना भरपूर वाटते. याउलट दिव्याच्या तळाशी चमचाभर, म्हणजे पाच मिलिलिटर पाणी हेलकावत असेल, तर ते दिव्यातल्या सगळ्या हवेतून एका वेळी सुटणाऱ्या पाण्याच्या सत्तर-ऐंशी पट भरते. इतके पाणी बाष्पाच्या वाटेने साचत नाही, कारण दिवा पेटला की मागचे बाष्प पुन्हा उडत असते. त्याला द्रवरूप पाणी शिरण्याइतकी फट कोठेतरी असावीच लागते. घाम आणि पाणी यांत गॅरेजच्या बोलीने केलेला भेद असा पक्क्या हिशेबावर उभा आहे.

दिवा श्वास घेतो म्हणजे काय, हेही आकड्यांतच नीट कळते. दिवा लागल्यावर आतली हवा ३० अंशांवरून ८० अंशांपर्यंत तापली, तर तिचे आकारमान सुमारे १६ टक्क्यांनी वाढते, म्हणजे दहा लिटरमधली दीड लिटरहून अधिक हवा बाहेर पडावी लागते. दिवा विझून गार झाला, की तेवढीच हवा परत आत ओढली जाते. दिवा पूर्णपणे बंद ठेवला असता, तर याच तापण्याने आतला दाब वातावरणाच्या दाबापेक्षा सहाव्या हिश्शाने वाढला असता, आणि पाचशे चौरस सेंटिमीटरच्या काचेवर ऐंशी किलोहून अधिक वजनाइतका जोर पडला असता. रोज दोन-चार वेळा असा ताण सोसणारा सांधा फार काळ टिकला नसता. म्हणून दिव्याला श्वासाच्या वाटा मुद्दाम ठेवलेल्या असतात.

घाटाचा विचार या संदर्भात सहसा कोणी करत नाही, पण महाराष्ट्राच्या दृष्टीने तो अगत्याचा आहे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच आहे आणि तेथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यावरील दाबाच्या साधारण ८५ टक्के असतो. गाडी तेथून पोलादपूरकडे उतरू लागली, की बाहेरचा दाब वाढत जातो आणि दिवा संपूर्ण उताराभर हळूहळू हवा आत ओढत राहतो. ही हवा खालच्या कोकणातली, उबदार आणि बाष्पाने भारलेली असते, आणि वरच्या गार हवेत राहिलेली काच अद्याप थंडच असते. घाट उतरून आलेल्या गाडीच्या दिव्याला पायथ्याशी घाम दिसला, तर त्यात दिव्याचा काही दोष असेलच असे नाही. त्याने घाटाच्या नियमाने श्वास घेतला, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

श्वासाच्या वाटा दिव्याच्या मागच्या घरावर असतात आणि त्यांचे प्रकार मोजकेच आहेत. सर्वांत जुना आणि स्वस्त प्रकार म्हणजे खाली तोंड करून वळवलेली रबरी नळी किंवा कोपऱ्याची टोपी, जिच्यातून हवा वळसा घेऊन जाते, पण उडालेले पाणी सरळ आत शिरू शकत नाही. काही दिव्यांत त्या तोंडाशी स्पंजाचा तुकडा असतो, जो धूळ अडवतो. तिसरा प्रकार म्हणजे प्रसरित पीटीएफई या पदार्थाची पातळ पांढरी चकती. पीटीएफई म्हणजे न चिकटणाऱ्या तव्यावर असते तेच द्रव्य. रॉय प्लंकेट यांना ते १९३८ मध्ये योगायोगाने सापडले, आणि ते झटक्याने ताणले, की त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे पडतात हे बॉब गोर यांच्या १९६९ मध्ये लक्षात आले. या छिद्रांतून हवा आणि वाफ जाते, पण पाण्याचा थेंब पृष्ठताणामुळे, म्हणजे स्वतःला गोळा करून धरणाऱ्या त्याच्या स्वभावामुळे, अडतो. चकती थेंब आणि धूळ अडवण्यात सरस आहे, तर नळीतून हवेची ये-जा अधिक मोकळी होते. म्हणून पुष्कळ दिव्यांत दोन वाटा एक वर आणि एक खाली अशा ठेवतात, जेणेकरून तापलेली हवा वरून निघावी आणि बाहेरची खालून यावी. ही रचना चिखलाच्या एका थराने निकामी होऊ शकते, आणि पावसाळ्यात गाडीच्या पुढच्या चाकाच्या मागे-पुढे चिखलाला तोटा नसतो.

श्वासाची वाट बुजली, की काय घडते हे या सगळ्या प्रश्नातले सर्वांत दुर्लक्षिलेले प्रकरण आहे. तासभर चाललेल्या तापल्या दिव्यावर रस्त्यावरच्या खड्ड्यातले पाणी उडाले किंवा वॉशिंग सेंटरवर त्याच्यावर थंड पाण्याचा फवारा बसला, तर आतली हवा काही सेकंदांत आक्रसते आणि दिवा एकदम हवा ओढू पाहतो. वाट मोकळी असेल, तर हवा येते आणि विषय संपतो. वाट बुजलेली असेल, तर ही ओढ सर्वांत दुबळ्या जागेवर, म्हणजे बल्बच्या मागच्या रबरी कड्यावर किंवा सांध्याच्या एखाद्या केसाएवढ्या चिरेवर पडते, आणि नेमक्या त्याच वेळी ती जागा पाण्याने भिजलेली असते. अशा वेळी दिवा पाणी अक्षरशः पितो. त्यामुळे ज्या दिव्याची वाट सिलिकॉनने बंद केली गेली, त्यातच पुढच्या पावसात पाणी अधिक सापडते, हे गॅरेजमध्ये वारंवार दिसणारे दृश्य अनाकलनीय राहत नाही.

एलईडी दिव्यांनी या प्रश्नाला नवे वळण दिले आहे. एच-४ हॅलोजन बल्ब लांबच्या झोताला ६० आणि जवळच्या झोताला ५५ वॅट वीज घेतो आणि तिचा फारच थोडा भाग डोळ्यांना दिसणारा प्रकाश होतो. उरलेली सारी उष्णता, आणि तिचा बराच वाटा प्रकाशाबरोबरच पुढे, काचेकडे जातो. हॅलोजन दिवा अशा रीतीने स्वतःची काच स्वतःच वाळवत असतो, आणि ही सोय कोणी मुद्दाम केलेली नव्हती, ती विजेच्या उधळपट्टीतून आपोआप मिळालेली होती. एलईडीची उष्णता मुख्यतः त्याच्या पाठीमागून निघते आणि ॲल्युमिनियमच्या पात्यांवाटे मागच्या बाजूला सोडली जाते, त्यामुळे पाठ तापते आणि काच थंडच राहते. तापलेल्या पाठीकडच्या प्लास्टिकमधून सुटलेले बाष्प मग थंड काचेवर जाऊन बसते. कारण आतल्या प्लास्टिकच्या भागांत थोडी ओल मुरलेली असते, पॉलिकार्बोनेट तर दमट हवेतून स्वतःच्या वजनाच्या हजारात एक-दोन भाग इतके पाणी शोषून घेते, आणि ते तापल्यावर सोडून देते. म्हणून नव्या गाड्यांच्या महागड्या एलईडी दिव्यांना जुन्या हॅलोजनपेक्षा घाम लवकर येतो आणि उशिरा जातो, ही तक्रार खोटी नाही. रचनाकारांनी त्यावर काचेकडे गरम हवा वळवणारे मार्ग, छोटे पंखे आणि काचेच्या आतून धुकेरोधक लेप असे उपाय योजले आहेत. या लेपात साबणात असतात तशी पृष्ठसक्रिय द्रव्ये, म्हणजे पाण्याचा पृष्ठताण कमी करणारी द्रव्ये असतात. त्यांच्यामुळे पाणी थेंबाथेंबाने न धरता सलग पातळ पापुद्र्यासारखे पसरते आणि प्रकाश विखुरत नाही. परंतु ओल वारंवार जमून ओघळली, तर लेपही तिच्याबरोबर वाहून जातो आणि काचेवर आतून कायमचे ओघळ उमटतात.

हॅलोजनच्या घरात बाजारातला एलईडी बल्ब बसवण्याची प्रथा या दृष्टीने दुहेरी नुकसानीची आहे. काचेला मिळणारी ऊब जाते, आणि बल्बच्या मागे पंखा असल्याने रबरी टोपी पुरती बसत नाही. मग ती कापली जाते किंवा सरळ काढून टाकली जाते. बल्बचा प्रकाश त्या रिफ्लेक्टरसाठी मोजलेला नसल्याने झोतही विसकटतो, आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो, ते वेगळेच.

निदान करताना काचेजवळ जाऊन शांतपणे पाहणे, यासारखे साधन नाही. साध्या घामाचे धुके बारीक, एकसारखे आणि दुधट असते. ते बल्बपासून दूरच्या, खालच्या आणि बाहेरच्या कोपऱ्यात जास्त धरते, आणि दिवा लावून दहा-पंधरा मिनिटे थांबले, तर बल्बच्या बरोबर समोर प्रथम बोटाएवढा, मग तळव्याएवढा स्वच्छ डाग उघडत जातो व त्याची कड हळूहळू कोपऱ्याकडे सरकते. फटीतून आलेले पाणी वेगळे दिसते: थेंब टपोरे असतात, त्यांच्या मागे ओघळाची रेघ असते, तळाच्या खाचेत पाण्याची रेषा हलताना दिसते, आणि वाळल्यावर मातकट कडा राहते. दोन्ही दिव्यांना सारखाच घाम असेल, तर बहुधा हवेचा गुण. एकच दिवा भरलेला आणि दुसरा कोरडा असेल, तर भरलेल्यात दोष. याखेरीज एक तिसरी अवस्था आहे, जिचे नाव बोलीत नाही: आतले प्लास्टिक, रंग आणि चिकटद्रव्य तापल्यावर त्यांतून निघणाऱ्या बाष्पांचा पातळ, किंचित तेलकट पापुद्रा काचेवर बसतो, आणि तो पाण्याचा नसल्यामुळे कितीही वाळवले तरी जात नाही. असा दिवा आठवडाभर उन्हात ठेवूनही फरक पडला नाही, म्हणून मालकाने सांध्यात सिलिकॉन भरावे, तर त्याने नसलेल्या रोगावर इलाज केल्यासारखे होते.

गाड्यांबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकांत ‘काचेवर बाष्प येणे सामान्य आहे, दिवा लावल्यावर ते जाते’ अशा आशयाची ओळ बहुधा असते, आणि हमीच्या दाव्यात तीच पुढे केली जाते. ती ओळ शास्त्राला धरून असली, तरी ती कोणत्या हवेला लागू आहे याचा विचार झाला पाहिजे. कोरड्या जागी एक-दोन दिवस ठेवल्यास धुके जावे, ही अपेक्षा कोरड्या हवेच्या प्रदेशात रास्त आहे. पण जुलैत रत्नागिरीला, किंवा जेथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो त्या महाबळेश्वरला, कोरडी जागा आणायची कोठून? बाहेरची हवाच मर्यादेला टेकलेली असेल, तर चांगल्यात चांगल्या वाटेतूनही बाष्प निघून जाणार नाही. तेथे कसोटी उष्णतेची लावावी लागते: ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेची तीच हवा ५० अंशांपर्यंत तापवली, की तिची आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास येते, आणि तीच हवा वाळवणारी होते. म्हणून पावसाळी प्रदेशात तक्रार नोंदवताना धुके आले एवढेच न सांगता, गाडी चालू ठेवून दिवे लावल्यावर ते किती वेळात गेले, किंवा गेलेच नाही, याची तारखेसह छायाचित्रे ठेवणे ग्राहकाच्या हिताचे असते. तासभर दिवा लावूनही टिकून राहणारे धुके आणि डोळ्यांना दिसणारे साचलेले पाणी यांना ‘सामान्य’ म्हणता येत नाही, आणि हे ठामपणे सांगण्याचा हक्क ग्राहकाला आहे.

ओलीने होणारे नुकसान प्रथम प्रकाशाचे होते. जवळच्या झोताला वरून एक स्पष्ट कड असते, जिच्यावर प्रकाश जवळजवळ जात नाही, आणि भारतात वाहने डावीकडून चालत असल्यामुळे ही कड डाव्या अंगाला थोडी वर चढते, म्हणजे रस्त्याची आपली बाजू दिसावी आणि समोरच्याचे डोळे वाचावेत. काचेवरचे थेंब ही कड पुसून टाकतात. रस्त्यावरचा उजेड घटतो आणि घटलेला उजेड समोरच्याच्या डोळ्यांवर जातो. आंबोली किंवा वरंधा घाटात पावसाळी रात्री, जेथे कड्याच्या बाजूची पांढरी रेघच चालकाचा आधार असते, तेथे ही बाब दिसण्यापुरती राहत नाही. दुसरे नुकसान रिफ्लेक्टरचे: त्यावरचा ॲल्युमिनियमचा मुलामा निर्वात कक्षात चढवलेला आणि एका मायक्रॉनच्याही अंशाइतका पातळ असतो, ओलीने त्यावर करडे चट्टे पडतात आणि ते कोणत्याही पॉलिशने परत येत नाहीत, उलट पुसण्याने मुलामाच निघून येतो. होल्डरच्या पितळी पट्ट्यांवर हिरवी बुरशीसारखी भुकटी धरते आणि जोड तापू लागतो. झेनॉन दिव्याला पेटताना वीस हजार व्होल्टच्या वर झटका द्यावा लागतो आणि ओलीत तो गळतो. एलईडीत तर वीज नियंत्रित करणारा सर्किट बोर्डच आत असतो आणि तो गेला, की बल्बच्या किमतीत भागत नाही, दिव्याच्याच किमतीला गाठ पडते.

उपायांकडे या पार्श्वभूमीवर पाहिले, तर त्यांची किंमत आपोआप ठरते. सर्वांत आधी करायचे काम बिनखर्चाचे आहे: बॉनेट उघडून दिव्यामागची रबरी टोपी किंवा प्लास्टिकचे झाकण चारी बाजूंनी नीट बसले आहे का, बल्ब बदलताना त्याचे कडे वेडेवाकडे दुमडले गेले का, आणि श्वासाच्या नळीच्या तोंडाशी चिखल, कोळ्याचे जाळे किंवा मागच्या कोणा कारागिराचे सिलिकॉन आहे का, हे पाहणे. पाणी शिरल्याच्या तक्रारींतील मोठा भाग येथेच मिटतो, असे अनुभवी इलेक्ट्रिशियन सांगतात, आणि ते पटण्यासारखे आहे, कारण दिव्याचा हा एकच भाग असा आहे की ज्याला वरचेवर माणसाचा हात लागतो.

वाळवण्यासाठी मागचे झाकण काढून हेअर ड्रायरची मंद ऊब आत सोडणे योग्य, मात्र झोत एका जागी धरू नये, आणि वरचे व खालचे अशी दोन्ही तोंडे उघडी ठेवावीत, नाही तर गरम झालेले बाष्प आतल्याच दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसते. गॅरेजच्या कंप्रेसरची हवा सोडण्याचा मोह टाळावा. तिच्यात पाणी आणि तेल दोन्ही असते, आणि गाळण नसेल तर कोरड्या दिव्यात तेलाचा फवारा मारल्यासारखे होते. सिलिका जेलची पुडी दमट हवेत स्वतःच्या वजनाच्या तीस-पस्तीस टक्क्यांपर्यंत पाणी धरते, म्हणून वाळवलेला दिवा रात्रभर झाकून ठेवताना ती उपयोगी पडते. परंतु श्वास घेणाऱ्या दिव्यात कायमची ठेवलेली पुडी काही दिवसांत भरते आणि पुढे ऊन लागले, की तीच आत ओल सोडू लागते. शिवाय सुटी पुडी धक्क्याने बल्बवर जाऊन पडली, तर करपते.

तळाला भोक पाडण्याच्या उपायाची बाजूही नीट ऐकली पाहिजे, कारण तो अगदीच बिनबुडाचा नाही. अवजड ट्रकांच्या आणि मागच्या दिव्यांच्या कित्येक रचनांत निचऱ्याचे छिद्र मूळचेच असते. पण तेथे ते वळसा देऊन, पाण्याच्या माऱ्यापासून आडोशाला ठेवलेले असते. ड्रिलने पाडलेले सरळ भोक खड्ड्यातले पाणी आणि कच्च्या रस्त्याची धूळ दोन्ही आत घेते, आणि ओल धरलेल्या रिफ्लेक्टरवर बसलेली धूळ पुसून काढण्याचा मार्ग नसतो. शिवाय भोकाने फट बुजत नाही.

सिलिकॉनबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, कारण तिच्यामुळे पुष्कळ चांगले दिवे वाया जातात. बाजारात स्वस्त मिळणारे, ट्यूब उघडताच व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन सुकताना ॲसेटिक आम्ल सोडते. बंद दिव्यात त्याच्या वाफा ॲल्युमिनियमच्या मुलाम्यापर्यंत पोचतात आणि तो डागाळतात. लावायचेच असेल, तर आम्ल न सोडणारे, ‘न्यूट्रल’ म्हणून विकले जाणारे सिलिकॉन घ्यावे, दिवा आतून पूर्ण वाळल्यावरच लावावे, आणि नेमकी फट सापडल्यावरच लावावे. सगळ्या कडेने आंधळेपणाने फिरवलेली सिलिकॉनची वेटोळी खऱ्या फटीवर बसण्याची शक्यता कमी आणि श्वासाच्या वाटेवर बसण्याची जास्त असते.

फट शोधण्याची खात्रीची रीत कोणत्याही पंक्चरच्या दुकानात पाहायला मिळते. दिवा सोडवून बल्ब आणि वायरिंग काढायचे, एक सोडून सगळी तोंडे चिकटपट्टीने बंद करायची, उरलेल्या तोंडातून हातपंपाने किंवा तोंडाने फुंकून अगदी हलका दाब द्यायचा, आणि सांध्यावरून साबणाचे पाणी ब्रशने फिरवत जायचे. ट्यूबचे पंक्चर जसे टबात बुडबुड्यांची माळ सोडते, तसा सांध्याच्या एखाद्या वळणावर बारीक फेस फुगू लागतो; तो बहुधा वरच्या कडेला, जुन्या ठोकरीने दिव्याचा कान तुटला असेल त्याच्याजवळ सापडतो. कान म्हणजे दिवा बॉडीला धरून ठेवणारी प्लास्टिकची जीभ. ती तुटली, की दिवा खडबडीत रस्त्यावर थरथरतो आणि सांधा उसवत जातो. दाब जास्त दिला, तर नसलेली फट तयार होते, म्हणून येथे कंप्रेसर नको. चाचणी झाल्यावर चिकटपट्ट्या मोजून काढाव्यात.

काच उघडून सांधा पुन्हा भरणे, हा कसबाचा उपाय आहे. काच ज्या दिव्यात ब्यूटाइल या मऊ पडणाऱ्या डांबरासारख्या रबराने चिकटवलेली असते, तो दिवा मोठ्या भट्टीत किंवा हीट गनने सावकाश तापवून उघडता येतो, जुना थर खरवडून ब्यूटाइलची नवी दोरी भरता येते, आणि काळजीपूर्वक केलेले काम वर्षानुवर्षे टिकते. ज्या दिव्यांत पॉलियुरेथेनसारखे, एकदा घट्ट झाल्यावर मऊ न होणारे चिकटद्रव्य असते, किंवा काच वितळवून जोडलेली असते, तेथे हा प्रयत्न काच तडकण्यावर संपतो. उष्णतेची सीमाही अरुंद आहे: मागचे घर ज्या पॉलिप्रॉपिलीनचे असते ते १६० अंशांच्या थोडे पुढे वितळते आणि त्याच्या बरेच आधी वाकू लागते, तर काचेचे पॉलिकार्बोनेट १४७ अंशांच्या सुमारास मऊ पडते, म्हणून घरच्या ओव्हनमध्ये अंदाजाने ठेवलेला दिवा वाकडा होऊन निघाल्याची उदाहरणे कमी नाहीत. पुरात बुडालेल्या गाडीचा प्रश्न याहून वेगळा आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा बुडालेल्या गाड्यांच्या दिव्यांत शिरले ते गाळाचे आणि गटाराचे पाणी होते. असा दिवा वाळतो, पण स्वच्छ होत नाही, आणि तो बदलण्यावाचून गत्यंतर नसते.

दिवा वाळवून, फट भरून किंवा नवा आणून परत बसवला, तरी काम पुरे झालेले नसते, कारण सोडवलेला दिवा पूर्वीच्याच कोनात बसेल याची खात्री नसते. सपाट जागी गाडी भिंतीपासून दहा मीटरवर उभी करून, एका माणसाला चालकाच्या जागी बसवून, जवळचा झोत भिंतीवर टाकावा. कड दिव्याच्या मध्यबिंदूच्या उंचीपेक्षा साधारण एक टक्का, म्हणजे दहा सेंटिमीटर, खाली यावी, आणि नेमका आकडा दिव्यावर किंवा जवळच्या पट्टीवर छापलेला असल्यास तोच प्रमाण मानावा. कड खाली-वर करणारा स्क्रू दिव्याच्या मागे असतो. भिंतीवर ती कड रेघेसारखी स्वच्छ उमटली, डावीकडे तिचा चढ दिसला आणि वरचा भाग काळोखात राहिला, तर कोनही बरोबर बसला आहे आणि काचेमागे थेंब उरलेला नाही. आणि रेघ कापसासारखी पिंजलेली दिसली, तर दिवा खाली उतरवून पुन्हा साबणाचे पाणी हाती घ्यावे.